तुघलकाबादच्या पायथ्याशी मी उभी होते

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी अँबॅसिडर मोटार आहे. फरीदाबादमधल्या एका गॅरेजच्या मागे सध्या चार विटांवर उभी आहे. माझी चाके केव्हाच गेली, आणि डावे दार काढून कुणीतरी दुसऱ्या गाडीला लावले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचे आहे ते एका माणसाबद्दल.

माझा जन्म १९८४ साली बंगालमधल्या कारखान्यात झाला. मालगाडीने मी दिल्लीला आले आणि पहाडगंजच्या टॅक्सी स्टँडवर लागले. माझा ड्रायव्हर अशोक हा गढवालचा, कमी बोलणारा. रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय तो चहाही घेत नसे. त्याच स्टँडवर मला श्यामकांत दिघे भेटले.

दिघेसाहेब सरकारमान्य गाइड होते. वडिलांच्या केंद्र सरकारातल्या नोकरीमुळे ते दिल्लीतच वाढले. पत्नी कुमुदताई मराठी शाळेत शिकवत. मोठ्या बसमधून चाळीस माणसे हाकणे साहेबांना पटत नसे. एक दिवस, एक मोटार आणि एकच पाहुणा किंवा एकच कुटुंब, अशी त्यांची रीत होती. दिल्ली हे एक शहर नाही, एकाशेजारी एक वसलेली आणि उजाड झालेली कितीतरी शहरे आहेत, असे ते पाहुण्यांना सांगत. मग मेहरौली, सिरी, तुघलकाबाद अशी मध्ययुगातली दिल्ली ते दिवसभरात दाखवत. ते पुढच्या सीटवर अशोकशेजारी बसत आणि मागे वळून बोलत. ऐकून ऐकून मला सगळे पाठ झाले होते.

पुढे देशाची बाजारपेठ खुली झाली. रस्त्यावर नव्या गुळगुळीत मोटारी आल्या, त्यांत थंड हवाही होती. हॉटेलवाले तशाच गाड्या मागू लागले. साहेब मात्र मलाच बोलावत. "हिच्या खिडकीतून धूळ आत येते. पाहुण्याला तेवढी तरी दिल्ली मिळू दे," असे ते म्हणत. एवढी प्रशंसा मला पुरत असे.

१९९७च्या फेब्रुवारीतली ती सकाळ होती. त्या दिवशीच्या पाहुण्या डेन्मार्कच्या इंगरबाई होत्या. इतिहास शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांचे गाव व्हायकिंगांचे. व्हायकिंग म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लोक. शत्रू आत येऊ नये म्हणून त्यांनी गावच्या खाडीत आपलीच जहाजे बुडवून वाट अडवली होती, असे बाईंनी सांगितले. साहेबांना ते फार आवडले. जहाजे किती होती, असे त्यांनी विचारले. बाईंनी पाच सांगितली.

मेहरौली पाहून आम्ही निघालो. साहेबांनी मागे वळून कुतुबमिनाराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती त्यांनी मिनाराखाली नुकतीच सांगितली असणार, कारण तिथे त्यांच्याबरोबर गेलेल्या अशोकने चमकून त्यांच्याकडे पाहिले. बाई शांतपणे ऐकत राहिल्या. गोष्ट संपली. मग साहेबांनी विचारले, "तुमच्या खाडीत जहाजं किती होती?"

पाच, असे बाई पुन्हा म्हणाल्या.

सिरीहून निघताना साहेबांनी कुतुबमिनाराची गोष्ट आणखी एकदा सांगितली. पुढचे शब्द मला येत होते आणि तुघलकाबादचेही येत होते. पण मोटारीला आठवून काय उपयोग?

दुपारी आम्ही तुघलकाबादला पोहोचलो. मोठमोठ्या दगडांचा तो पडका किल्ला रस्त्याच्या कडेलाच आहे, आणि त्या रस्त्यावरून खडीचे ट्रक सारखे धावत असतात. साहेब आणि बाई वर चढून गेले. तासाभराने बाई एकट्याच खाली आल्या. त्यांच्या हातात साहेबांची फाइल होती. त्या फोटो काढत असताना, एक तळघर शोधून येतो, असे सांगून साहेब पुढे गेले होते आणि परत आलेच नव्हते. अशोकने मला कुलूप लावले आणि तो बाईंबरोबर धावतच वर गेला.

मी एकटी उभी होते. थोड्या वेळाने तटबंदीच्या दुसऱ्या टोकाकडून, झुडपांतून एक माणूस खाली उतरला. ते दिघेसाहेब होते.

ते सरळ माझ्याकडे आले. मला वाटले, आता दार उघडायचा प्रयत्न करतील आणि अशोकची वाट पाहत इथेच थांबतील. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. तेरा वर्षांत हजारदा तरी ठेवला असेल. मग त्यांनी काचेतून आत पाहिले आणि परक्याच्या वस्तूवरून उचलावा तसा हात उचलून घेतला. त्यांनी मला ओळखले नव्हते.

ते रस्त्याला लागले आणि बदरपूरच्या दिशेने चालू लागले. ट्रक त्यांच्या खांद्याला घासून गेल्यासारखे जात होते. मित्रांनो, माझ्याकडे हॉर्न होता. तो ऐकून अशोक वरून नक्की धावत आला असता. पण हॉर्न दाबायला माणूस लागतो. साहेबांचा राखाडी कोट लहान होत गेला, मग एका ट्रकआड गेला, आणि मला काहीच करता आले नाही.

अशोक आणि बाई परत आले तेव्हा बराच वेळ गेला होता. साहेब याच रस्त्याने गेले, हे त्यांना कोण सांगणार? अशोकने मला आधी उलट्या दिशेला, मेहरौलीकडे पळवले. बाई थांबून थांबून लोकांना साहेबांचा फोटो दाखवत होत्या. तो त्यांनी फाइलमधल्या ओळखपत्रावर शोधला होता. शेवटी एका पंक्चरवाल्याने हात बदरपूरकडे केला.

बदरपूरला एका चहाच्या टपरीसमोर साहेब बाकावर बसले होते. एका पायात बूट नव्हता. ते चहावाल्याशी मराठीत बोलत होते. "आई वाट बघत असेल हो. आमच्या क्वार्टरला कुठून जायचं?" असे पुन्हा पुन्हा विचारत होते. चहावाल्याला एक अक्षरही कळत नव्हते, पण त्याने त्यांना उठू दिले नव्हते.

अशोक रडू लागला. साहेबांचा हात धरून बाईंनी त्यांना मागच्या सीटवर आपल्याशेजारी बसवले. सबंध वाटेत साहेब जहाजांची संख्या विचारत होते आणि बाई दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर देत होत्या.

पहाडगंजला साहेबांच्या घरासमोर मी थांबले, तेव्हा कुमुदताई खाली आल्या. अशोकने सगळे सांगितले. त्या माझ्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मुझे पता था, अशोक भैया. एक साल से पता था."

"तो भेजा क्यों, बहनजी?"

"घर बैठ जाते तो मानना पड़ता कि बीमार हैं."

मी ताईंना दोष देऊ शकले नाही. सकाळी अशोकनेही सगळे पाहिले होते आणि तरीही मला पुढेच नेले होते.

काही महिन्यांनी त्यांची मुलगी देविका आईवडिलांना नोएडाला घेऊन गेली. ती तिथल्या एका नव्या ऑफिसात नोकरीला होती. सामान आणि माणसे मीच पोहोचवली. सेक्टरमधल्या साऱ्या इमारती एकसारख्या होत्या. साहेब उतरायलाच तयार होईनात. हे कोणत्या सुलतानाचे शहर, असे त्यांनी विचारले. देविकाने त्यांचे दोन्ही हात धरले. "आपलंच आहे, बाबा. चलो, मी दाखवते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

त्यानंतर दर रविवारी अशोक मला तिथे नेत असे. आम्ही साहेबांना तासभर फिरवून आणत असू. ते काही बोलत नसत, खिडकीबाहेर बघत. दोन वर्षे असे चालले. मग पंधरा वर्षे जुन्या टॅक्सींना दिल्लीत बंदी झाली. प्रदूषणाचा प्रश्न खरा होता, माझा धूर मलाही ठाऊक होता. अशोक एका कंपनीची नवी गाडी चालवू लागला आणि मी इथे आले. पहिल्या रविवारी साहेब फाटकाशी येऊन उभे राहिले असतील का, हे मला कधीच कळणार नाही. ते आज आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागले, तर हसू नका, आणि लपवूही नका. मोठ्यांना सांगा, वेळेवर डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि रस्त्यात कुणी म्हातारे माणूस वाट चुकल्यासारखे दिसले, तर आधी मोठ्या कुणाला तरी हाक मारा. मग त्यांना सावलीत बसवा, नाव विचारा. नाव नाही आठवले तरी चालेल. त्यांना एकटे पुढे जाऊ देऊ नका.