शालीचं वजन

जनावरांच्या दवाखान्यातल्या भूलवालीने रक्ताने थबथबलेली शाल वजनकाट्यावर आदळली आणि आकडा बघून तिच्या तोंडून शिवी निघाली. गॉजचे बोळे तिने आधीच तोलले होते. कोरडं वजन वजा केलं की उरतं ते रक्त, हा तिचा रोजचा हिशेब. आज तो सांगत होता की टेबलावर बेशुद्ध पडलेल्या तपकिरी कुत्रीचं निम्मं रक्त अंगाबाहेर गेलं आहे.

“सलाइन पूर्ण सोडते,” ती सर्जनला म्हणाली.

“सोड. आणि हे ज्याने केलं त्याला माझ्यासमोर आण.”

मांडीवरची जखम हाडापर्यंत गेली होती. कुत्रीला घेऊन आलेली बाई म्हणाली होती, कुंपणाची तार लागली. पण सर्जनचा उभा जन्म कातडी शिवण्यात गेला होता. तार कशी फाडते आणि सुरा कसा कापतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. काउंटरवरच्या मावशीने नाव विचारलं तेव्हा बाई एवढंच बोलली होती, “माझं राहू द्या. आधी हिचं बघा.” स्वतःच्या अंगावरच्या शालीत गुंडाळलेलं ते धूड मावशीच्या हातात कोंबून ती बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसली होती.

रस्त्यावरून शटरवर लाथ बसली. ट्रेमधले चिमटे वाजले.

“बाहेर काढा तिला! आज खलासच करतो!”

त्या माणसाला गल्लीत शिरताना पाहूनच मावशीने शटर ओढलं होतं आणि पोलिसांना फोन लावला होता. पोलीस निघालो म्हणाले, म्हणजे कधी उगवतील ते त्यांनाच ठाऊक.

“मुक्या जनावरावर एवढा डूख धरतात होय!” सर्जन टाका ओढत म्हणाला. “चावली असणार त्याला. बरं केलं. नरडंच धरायला हवं होतं.”

भूलवालीने सलाइनची दुसरी पिशवी लावली. कुत्रीची नाडी तिच्या बोटांना भरदार लागत होती. हिरडी दाबली की पांढरी पडे आणि बोट काढताच गुलाबी होई. निम्मं रक्त गेलेल्या जनावराची हिरडी अशी नसते. पण तिला वाटलं, सलाइनचा गुण आला. स्वतःवरच खूष होऊन तिने वेग आणखी वाढवला.

मग नाकातून पाणी आलं, पातळ, फेसाळ. स्टेथोस्कोप लावला तर छातीत बुडबुडे.

“अरे देवा, मी हिला बुडवतेय.”

तिने सलाइन बंद केलं, लघवीचं इंजेक्शन टोचलं, ऑक्सिजन वाढवला. सर्जन मान वर न करता म्हणाला की गणित चुकलंय तुझं, इथे एकच बारीक शीर तुटली होती, वाटीभर रक्त गेलं असेल नसेल.

“माझं गणित नाही चुकत.”

बुडबुडे जरा कमी झाल्याचं ऐकल्यावर तिने रागाने शाल उचलली आणि दिव्यासमोर उलगडली. मधोमध एक चीर होती, सरळ, पात्याची. सगळ्यात गडद रक्त त्या चिरेभोवती होतं. पण कुत्रीला शालीत गुंडाळलं ते जखम झाल्यावर. मग शालीला चीर कशी पडली?

ती तशीच धावत बाहेरच्या खोलीत गेली.

बाई भिंतीला टेकून बसली होती. अंगात काळा स्वेटर, पोटाशी पर्स घट्ट धरलेली. शटरवर पुन्हा लाथ बसली. ती दचकलीसुद्धा नाही.

“वाचेल ना ती?” तिने विचारलं. “माझ्यासाठी मध्ये पडली हो.”

“वाचेल.”

भूलवालीने तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. नख पांढरंच राहिलं. ती पर्स बाजूला करू लागली तशी बाईने ती आणखी घट्ट धरली.

“माझं राहू द्या ना.”

भूलवालीने पर्स हिसकून घेतली आणि स्वेटरच्या ओल्या भोकावर दोन्ही तळवे गच्च दाबले. मावशी न सांगताच अँब्युलन्सला फोन लावत होती. शटर धडधडत होतं, बाहेर काढा तिला.

“सर,” भूलवालीने आत हाक दिली, “कुत्रीचं राहू द्या. आधी हिचं बघा.”