पेटीला दोन कुलपं

आमच्या कंपनीच्या गेटवर एक पाटी आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले ते तिच्यावर रोज सकाळी लिहितात. कुणाचं बोट कापलं तरी आकडा शून्यावर येतो, मग साहेबाला कितीही वाईट वाटो. मी तिथे लाइनवर सेफ्टीचं बघते. त्यामुळे कुरुळीला घरी आले की सासरे मला ‘आल्या सेफ्टीबाई’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. माझं नाव सोनल, आणि मला राग लवकर येतो हे मी लग्न ठरतानाच सांगून ठेवलं होतं.

घर आमचं तीन मजल्यांचं. वर गिझर आहे. पण सासऱ्यांना, म्हणजे बबनराव मामांना, गिझरच्या पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. त्यांना अंगणात लोखंडी बादलीत हीटरचा रॉड सोडून कढत केलेलं पाणी लागतं. रॉड लावायचा आणि स्वतः ओट्यावर चहा घेत बसायचं. बादली अंगणाच्या मधोमध, आणि त्याच अंगणात आमची अडीच वर्षांची इंद्रायणी दिवसभर भिरभिरत असते.

मी सांगून सांगून थकले. उत्तर ठरलेलं होतं. ह्याच बादलीच्या पाण्यावर आमी चार पोरं वाढवली, एकाला तरी काय झालं का? त्या चारांतला धाकटा, माझा नवरा ऋतिक, तेवढ्यापुरता मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी इंद्रायणीने बाहुलीला आंघोळ घालायचं ठरवलं. मी दोरीवर कपडे टाकत होते. वळून बघते तर ती टाचा उंचावून बादलीवर वाकलेली. मी धावत जाऊन तिला कमरेतून उचललं आणि तिच्या हातातली बाहुली पाण्यात पडली. बटण बंद करून, पिन काढून मी ती बाहेर काढली. रॉडला लागलेला बाहुलीचा हात वितळून गेला होता.

मामा ओट्यावरून म्हणाले, “काय झालं न्हाई ना? मग कशापायी एवढं?”

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. कंपनीत रॅकवरून एखादा पार्ट निसटला आणि माणसापासून वीतभर लांब पडला, तरी आम्ही लाइन थांबवतो. काही झालं नाही, म्हणूनच थांबवतो. कारण सापडेपर्यंत मशीनला कुलूप. ज्याने कुलूप लावलं त्याच्याच खिशात किल्ली, आणि साहेब आला तरी ती त्याला मिळत नाही. जे नियम मी परक्यांच्या पोरांसाठी पाळते, ते माझ्या पोरीसाठी पाळायचे नाहीत?

संध्याकाळी चाकणला जाऊन मी लाल कुलूप आणलं. अंगणातला बटणांचा बोर्ड पावसासाठी लोखंडी पेटीत बसवलेला आहे, पेटीला कडी आहे. रॉडची पिन आत टाकली, कुलूप लावलं आणि वर चिठ्ठी अडकवली: ‘धोका. उघडू नये. सोनल.’

सोमवारी सकाळी अंगणात जो तमाशा झाला तो अख्ख्या आळीने ऐकला. माझ्या घरात माझ्याच बोर्डाला कुलूप म्हणजे काय, घर कुणाचं, जमीन कुणाची. मी म्हटलं, घर तुमचं, पोरगी माझी, आणि गरम पाणी वर आहे. मामांनी माझ्याकडे बघत गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतला. मंगळवारीही तेच, बुधवारीही. गावभर सांगत सुटले की सून थंडीत मारायला निघालीय.

ऋतिक कंपनीत जायला कपडे बदलत होता. “जाऊ दे ना, सोड आता,” माझ्याकडे पाठ करून म्हणाला. त्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढुरकी जन्मखूण आहे. मी तिच्याकडेच बघून सांगितलं, “नाही सोडत.”

गुरुवारपासून माझी पहिली, म्हणजे सकाळची शिफ्ट होती. मी गेले की कुलूप कापणार, असं मामांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि लोखंड कापायची करवत आणून ओट्यावर ठेवली. आता काय करायचं? कंपनीत शिफ्ट बदलताना दोघं मशीनपाशी उभे राहतात. येणारा आपलं कुलूप लावतो, मगच जाणारा आपलं काढतो. मी दुसरं कुलूप आणलं. पण घरात ते घेणारं एकच माणूस होतं.

कुशाबाई माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. चार वर्षांत मामांपुढे त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. गुरुवारी बसला दहा मिनिटं असताना मी त्यांना पेटीपाशी नेलं आणि सगळं समजावलं. त्यांनी काहीही न विचारता कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. मग मी माझं काढलं. बसमध्ये मात्र वाटत राहिलं, मामांनी एकदा डोळे वटारले की किल्ली त्यांच्या हातात जाणार.

दुपारी घरी आले. पेटीला कुलूप तसंच होतं. पेटीला पाठ लावून आत्या उभ्या, समोर करवत घेऊन मामा. ऋतिकला सुट्टी होती, तो बनियनवर दारात अवघडून उभा.

“तुझ्या सासूला सांग, किल्ली दे म्हनावं,” मामा मला म्हणाले. “सकाळधरनं आंगूळ न्हाई माजी.”

मी बोलणार तोच आत्या बोलल्या. “म्या न्हाई देत.”

त्या ऋतिकपाशी गेल्या आणि त्याचं बनियन पाठीवरून वर केलं. “ही जन्मखूण न्हाई. दीड वर्साचा व्हता, ह्याच बादलीत पडला. तुमी म्हनला, पोरगं जगलं न्हवं, मग काय झालं न्हाई. लोकास्नी जन्मखूण म्हनून सांग. सांगितली म्या. सव्वीस वर्सं सांगितली. लेकाला बी तेच सांगितलं. आता नातीची न्हाई सांगायची.”

ऋतिकचा हात आपोआप मागे पाठीवर गेला. तो कधी आईकडे बघत होता, कधी बादलीकडे. मामांनी करवत खाली ठेवली. खांद्यावर टॉवेल टाकून ते जिन्याने वर गेले. थोड्या वेळाने गिझरच्या नळाचा आवाज आला.

संध्याकाळी आत्यांनी मला पुठ्ठा आणून दिला. कंपनीत असते तशी पाटी लिही म्हणाल्या, पेटीवर टांगायची होती त्यांना. मी मथळा लिहिला आणि विचारलं, “दिवस किती घालू? मामा तर म्हणतात, घरात आजवर काहीच झालं नाही.”

“मागलं समदं खोटं हाय,” आत्या म्हणाल्या. “शून्य घाल. आन् तुजं कुलूप बी लाव वर, माज्या एकटीचं नगं.”