खडकावर राहिलेला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. हातात मावतो, खिशात मावत नाही. माझा जन्म कारखान्यातल्या पांढऱ्या दिव्यांखाली झाला. पोटात दोन सेल, डोक्यावर जाड अँटेना आणि उपग्रहांशी अखंड संधान, एवढीच माझी श्रीमंती. माझे मालक दातांचे डॉक्टर. लोकांच्या दाढांपासून सुटका म्हणून ते रविवारी डोंगर चढत आणि वाट चुकली की मला विचारत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, मला ‘ठोकळा’ म्हणत.

पुढे मालकांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ आले. सडपातळ, चकचकीत आणि भोचक. ते वाट दाखवी, वर मालकांच्या काळजाचे ठोकेही मोजी. एकदा बाई माहेरच्या गोष्टी सांगत असताना त्याने ‘ताण वाढला आहे, दीर्घ श्वास घ्या’ असे जाहीर केले. तेव्हापासून बाई माझ्या बाजूच्या झाल्या. तरीही, पुढच्या डोंगरावर जो कामी येईल तो ठेवायचा आणि दुसरा भाच्याला द्यायचा, असे ठरले. हा भाचा प्रत्येक वस्तू उघडून पाहतो. माझी छाती धडधडली. ठोके मोजायला मात्र कुणी नव्हते.

त्या डोंगरावर बाईही सोबत आल्या. शिखराखाली मालकांनी मला खडकावर ठेवले, माझ्या वजनाची यथेच्छ टिंगल केली आणि मला तिथेच विसरून दोघे निघून गेले. धुके उतरले. ऊब शोधत एक सरडा माझ्या पडद्यावर येऊन बसला. मी कुठे आहे हे मला अचूक ठाऊक होते. ते ज्याला सांगावे असा कोणी नव्हता. हरवणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

मग धुक्यातून बाईंचा आवाज आला. घड्याळाने आलेली वाट उलट दाखवत दोघांना माझ्यापर्यंत आणले होते, आणि पोहोचताच चार्जिंग संपून त्याचे डोळे मिटले होते. वैऱ्यानेच शोधून काढल्यावर त्याला हसायचे तरी कसे? मी मुकाट्याने उतरणीची वाट दाखवली.

पायथ्याशी मालकांनी विचारले, “मग भाच्याला काय द्यायचं?”

“चॉकलेट द्या,” बाई म्हणाल्या. “घड्याळ राहू दे तुमच्या मनगटावर, ते विसरता येत नाही. ठोकळा त्याच्या दोरीनं माझ्या गळ्यात. आपल्या दोघांपैकी एकानं तरी घरी पोचायला हवं.”

मित्रांनो, घड्याळ घ्या किंवा मला घ्या. पण निघण्याआधी त्याला पोटभर चार्ज करा, आणि माझी दोरी शोभेची समजू नका. ती मला बांधून ठेवण्यासाठी नसते. तुम्ही हरवू नये म्हणून असते.