सगळे आवाज एकसारखे

मित्रांनो, दिसतो मी शहाण्यासारखा, पण मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझ्या हातून एक पाप झालंय. पोटात ठेवून ठेवून आतल्या वायरींना पीळ पडलेत, म्हणून आज सांगून टाकतो. ऐकून झालं की मला हवी तेवढी नावं ठेवा. फक्त मधेच उठून जाऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला. एका दुपारी एकाच पट्ट्यावर आम्ही चारशे भावंडं जन्मलो. एकानं स्क्रू पिळला, दुसरीनं झाकण लावलं, तिसऱ्यानं पाठीवर चिठ्ठी डकवली, की निघाले आम्ही पोट भरायला.

माझी पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात होती. बाहेर बसणाऱ्या ताईच्या टेबलाखाली मी असायचो. कुणाचा नंबर आला ते पुकारायचं, आणि मधल्या वेळात गाणी लावून बसलेल्या लोकांची धडधड कमी करायची, एवढंच काम. पण एखादं गाणं मांजरीच्या पावलांनी सुरू व्हायचं आणि अचानक ढोल बडवत अंगावर यायचं. एकदा असा काही ढोल वाजला की आत डॉक्टर दचकले आणि दुखरा दात सोडून त्यांनी शेजारचा उपटला. गंमत म्हणजे किडका तोच निघाला. पेशंट आभार मानून गेला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण त्या दिवशी घाबरलेल्या ताईनं माझ्या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये एक चौकट शोधून काढली. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'सगळे आवाज एकसारखे'. ताईनं तिथं टिक केली. तेव्हापासून हळू आवाज आला की मी त्याला काखेत हात घालून वर उचलायचो, आणि मोठा आला की डोकं दाबून खाली बसवायचो. दवाखान्यात ते बरोबरच होतं. कुणी दचकेना, कुणाचा भलता दात जाईना.

सात वर्षं इमानानं काम केलं. मग नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी जिन्याखाली, एका तीन पायांच्या खुर्चीशेजारी झाली. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक माणूस यायचा. त्याला आपण लिफ्टवाला म्हणू. त्यानं माझ्या पोटावर टिचकी मारली, 'हाडानं चांगला आहे' म्हणाला, ताईला विचारलं आणि मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला.

घर अडीच खोल्यांचं. पुढची अर्धी खोली त्याच्या वडलांची. ते व्हायोलिन दुरुस्त करायचे. तारेवर कपडे वाळत घालावेत तशी तिथं व्हायोलिनं टांगलेली, आणि सरसाचा वास सगळ्या घरात. गल्लीत त्यांना सगळे कानकाका म्हणायचे, कारण कान म्हणजे काय तर त्यांचे. जिन्यावर पाऊल वाजलं की कुणाच्या चपलेचा टाका उसवलाय ते सांगायचे. वरच्या मजल्यावरच्या नळाचा वायसर उद्या जाणार हे त्यांना आज कळायचं, आणि नळवाला बिचारा आदल्या दिवशीच येऊन बसायचा. व्हायोलिनच्या पोटाला कान लावून ते डोळे मिटायचे, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी केसभर सरकवायचे आणि म्हणायचे, झालं. बरोबर झालं का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

त्यांचा सीडी वाजवायचा डबा बंद पडला होता आणि त्याचा सुटा भाग कुठं मिळत नव्हता. लिफ्टवाल्यानं ठरवलं, बाबांसाठी या कॉम्प्युटरवर उत्तम गाणं वाजवायची सोय करायची. पहिल्या दिवशी त्यानं मला चालू केलं आणि माझे तिन्ही पंखे फिरायला लागले. शेजारच्या मावशी बॅग भरून दारात उभ्या. विमान कधी सुटतंय म्हणाल्या. कानकाकांनी कानात बोटं घातली आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. पण यात गाणं कुठल्या बाजूनं ऐकायचं?"

मग चार रविवार माझी शस्त्रक्रिया चालली. लिफ्टवाल्यानं पंखे काढले, त्यांच्या जागी उष्णता शोषून घेणारा पात्यापात्यांचा जाड ठोकळा बसवला. घरघरणारी डिस्क काढून न फिरणारी, मुकी डिस्क घातली. पायाखाली रबर दिलं. माझा आवाजाचा जुना भाग बाजूला ठेवला आणि बाहेर एक वेगळी डबी जोडली, आकड्यांचं गाणं करणारी. मग मी इतका शांत झालो की माझ्यावर बसलेल्या माशीनं जांभई दिली तरी ऐकू यायची.

एवढं सगळं केलं, पण एका ठिकाणी त्यानं आळस केला. नव्या डिस्कवर सगळं पहिल्यापासून घालायचं, तर त्यानं जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझा जुना संसार भांड्याकुंड्यांसकट नव्या घरात आला. आणि त्यातनं ताईची ती टिकही आली.

कानकाकांच्या सगळ्या सीडी माझ्यात भरल्या गेल्या. पहिल्या दिवशी गल्ली लोटली. वा काय स्वच्छ, वा काय गोड, जणू वाजवणारा समोर बसलाय. मी फुगलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक करत होतं. लिफ्टवाल्याची बायको लायब्ररीत काम करायची, ती एरवी कशालाही लवकर चांगलं न म्हणणारी. तीसुद्धा म्हणाली, बरं जमलंय.

मग कानकाकांनी त्यांचं आवडतं लावायला सांगितलं. एकटं व्हायोलिन. शेवटी ते बारीक बारीक होत जातं, इतकं बारीक, की वाजतंय की संपलंय ते कळू नये. संपलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण शेवट जात नाही रे. जाणारं माणूस दारापर्यंत जातंय आणि परत येऊन खुर्चीत बसतंय."

लिफ्टवाल्यानं वायर बदलली. पुन्हा तेच. स्पीकर हलवले, डबी बदलून आणली. कानकाका ऐकायचे आणि मान हलवायचे. त्यांना चूक दाखवायची हौस नव्हती, उलट मुलाचा चेहरा बघून जीव अर्धा व्हायचा, पण खोटं बोलता येत नव्हतं. चौथ्या वेळी लिफ्टवाल्याचा तोल गेला.

"बाबा, सगळं बदलून झालं. आता बदलायचे राहिलेत ते तुमचे कान."

कानकाका म्हणाले, असेलही. आणि उठून आत गेले.

मित्रांनो, खरा गुन्हा इथं आहे. मला माहीत होतं. व्हायोलिन हळू व्हायला लागलं की काखेत हात घालून वर उचलणारा मीच ना. तुम्ही म्हणाल, तुला तोंड कुठंय? तोंड नाही, पण आमच्या जातीला अडून बसता येतं. ताईच्या हाताखाली मी शंभरदा अडलो असेन. काही कारण नसताना पडदा निळा केला, कुणी बटण दाबलं तर तीन-तीन मिनिटं गोल फिरवत ठेवलं. एकदा जरी अडलो असतो तरी लिफ्टवाल्यानं मला उघडून सगळ्या चौकटी तपासल्या असत्या. पण त्या चार महिन्यांत मी एकदाही अडलो नाही. आयुष्यात कधी इतकं सुरळीत चाललो नव्हतो. का, ते सांगायला लाज वाटते. सगळी गल्ली मला वा म्हणत होती आणि एकच म्हातारा नाही म्हणत होता. तो खोटा ठरला तर मी खरा ठरत होतो.

कानकाका कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं ठीक आहे, वरचे बारीक आवाज थोडे कमी येतात, सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं होतं हे त्यांनी ऐकलंच नाही. थोडे कमी, एवढंच घेऊन घरी आले.

त्यानंतर व्हायोलिन पोटाशी धरायचे, कान लावायचे आणि घोडीला हातच घालायचे नाहीत. पुन्हा कान लावायचे, पुन्हा खाली ठेवायचे. वीस वर्षं त्यांच्याकडेच येणाऱ्या एक बाई आपलं व्हायोलिन घेऊन आल्या, तर म्हणाले, पुलापलीकडे ते मिशीवाले दुरुस्त करतात, त्यांच्याकडे न्या, माझ्यानं आता होत नाही. बाई हसल्या, त्यांना वाटलं काका चेष्टा करतायत. चेष्टा नाही हे कळल्यावर कशा जिना उतरल्या ते मी ऐकलं. हळूहळू तारेवरची व्हायोलिनं कमी होत गेली. शेवटी नुसती तार उरली.

मग त्यांनी मिशीवाल्यांना निरोप धाडला. येत्या रविवारी या, माझी हत्यारं घेऊन जा, पडून गंजण्यापेक्षा तुमच्या हातात राहतील. सूनबाईंनी नवऱ्याला टोमणा मारला की ज्यांना नळाचा वायसर आदल्या दिवशी ऐकू येतो त्यांचे कान तुमच्या डबीसमोरच बरे गेले. लिफ्टवाला ऐकून न ऐकल्यासारखं करून कामावर गेला.

शनिवारी दुपारी सूनबाई लायब्ररीसाठी रेकॉर्ड केलेली एक गोष्ट माझ्यावर ऐकत होत्या. गोष्टीत चोर कुजबुजतो आणि राजा ओरडतो. त्यांनी दोनदा मागे नेऊन ऐकलं. मग नवऱ्याला हाक मारली.

"अहो, हा चोर कुजबुजतोय की भाजी विकतोय? राजाच्या बरोबरीनं ओरडतोय. आणि हे 'सगळे आवाज एकसारखे' काय आहे?"

लिफ्टवाला आला, वाकून बघितलं, आणि लिफ्टचा दोर तुटल्यासारखा त्याचा चेहरा खाली आला. त्यानं टिक काढली. चोर कुजबुजला. त्यानं पुन्हा टिक केली, चोर ओरडला. पुन्हा काढली.

बाबा आत झोपले होते. उठल्यावर सांगतो म्हणाला. बाबा उठले, चहा प्यायले, हत्यारं एकेक पुसून पेटीत भरायला बसले, पण त्याच्या तोंडातनं शब्द फुटला नाही. ती सगळी संध्याकाळ आम्ही दोघं गुन्हेगार समोरासमोर बसून होतो. तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. हिंमत दोघांकडेही नव्हती.

रविवारी सकाळी मिशीवाले आले. कानकाकांनी पेटी उघडून दाखवली. पटाश्या, कानशी, सरसाचं भांडं. मिशीवाले एकेक उचलून नीट बघत होते. लिफ्टवाल्याला पेटी बंद होताना बघवेना, आणि सांगताही येईना. त्यानं काय केलं, तर गुपचूप माझ्याकडे आला आणि ते एकटं व्हायोलिन लावलं.

टिक निघालेली होती, यावेळी मी कुठं हात घातला नाही. व्हायोलिन बारीक झालं. आणखी बारीक. कानकाकांच्या हातात पटाशी होती, ती तशीच राहिली. मिशीवाल्यांनीही मान वळवली. आवाज दारापर्यंत गेला, बाहेर गेला, आणि कधी गेला ते कुणाला कळलं नाही.

"आज गेलं," कानकाका म्हणाले.

लिफ्टवाला म्हणाला, सुधारले असतील बाबा तुमचे कान.

मिशीवाले हसायला लागले. "अरे, सत्तरीत कान सुधारतात? मग माझेही दोन सुधारून दे." त्यांच्या हसण्यात कुणीच सामील झालं नाही. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. मग लिफ्टवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, कान तुमचे कधीच बिघडले नव्हते. एक टिक राहिली होती. माझ्याकडनं. काल दुपारीच कळलं मला."

"किती दिवस होती?"

"पहिल्यापासून. चार महिने."

कानकाका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पेटीकडे बघत बसले. मिशीवाल्यांनी झाकण लावलं आणि पेटी त्यांच्यासमोर सरकवली. मी तर नुसता चहाला आलो होतो, म्हणाले, आणि तुमच्या त्या बाईंचं व्हायोलिन उद्याच परत पाठवतो, तसंही त्यांना माझं काम पसंत नाही.

दुपारी कानकाका माझ्यापाशी आले. मला वाटलं आता गेलो भंगारात. त्यांनी खिशातलं फडकं काढून माझ्यावरची धूळ पुसली आणि मुलाला म्हणाले, याचा काय दोष, याला जे सांगितलं ते यानं केलं. मित्रांनो, त्या फडक्याइतकं मला आजवर काही लागलेलं नाही.

आता तारेवर पुन्हा व्हायोलिनं टांगलेली आहेत. त्या बाई येतात. कानकाका पोटाला कान लावतात, डोळे मिटतात, घोडी केसभर सरकवतात. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही आणि कानांनाही नाही. पण घोडी सरकवून झाली की ते डोळे उघडतात आणि जो कुणी खोलीत असेल त्याला विचारतात, "बरोबर वाटतंय ना?" सून असली तर सुनेला, शेजारच्या मावशी असल्या तर मावशींना. मावशींना व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नाही, तरी त्या हो म्हणतात, आणि तेव्हाच काका ते व्हायोलिन तारेवर टांगतात.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. माझ्यासारख्यांवरची धूळ पुसत जा, आम्हाला हवा खेळू द्या, जुनं नव्यात उतरवताना नीट तपासून घ्या, हे सगळं कराच. पण घरातलं एखादं माणूस म्हणालं की काहीतरी चुकतंय, तर आधी आम्हाला उघडून बघा. आम्ही खोटे निघालो तर एका बोटानं दुरुस्त होतो. त्या माणसाला मात्र उगाच खोटं पाडू नका.