पाळण्यातला क्रँक

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी उरलेली एकुलती एक दाढ आत्ताच्या आत्ता पडो.

आमच्या गावात एक बाई दुधाची व्हॅन चालवायची. वस्त्यांवरनं कॅन उचलायचे न् डेअरीवर उतरवायचे. व्हॅन एवढी पळालेली, की मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यावर आले, तेही दोनदा. शेवटी शेवटी तर डिझेलपेक्षा ऑइलच जास्त प्यायची. धूर असा काळा, की कोंबड्या दिवस मावळला समजून भर सकाळी खुराड्यात शिरायच्या. गावानं त्या बाईला नावच ठेवलं, धूरवाली.

एक दिवस चढावर इंजिनानं मान टाकली. मिस्त्रीनं ते अंगणात खोललं, पोत्यावर भाग मांडले न् म्हणाला, "ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकू. क्रँक शाबूत आहे, म्हणजे कणा शाबूत आहे. बांधलं तर अजून बरीच वर्षं ओढेल."

झालं. ठरवायला कोण बसलं? तिचा धाकटा दीर. कडक इस्त्रीचा माणूस, जन्मात कधी दुधाचा कॅन उचलला नव्हता. सोबत शेजारचे दोघं-तिघं. एक म्हणाला, पडक्या घराला नवं दार कशाला. दुसरा म्हणाला, भंगारात घाला न् मोकळे व्हा. नवऱ्याला विचारलं तर तो आभाळाकडं बघत बसला, जसं काही उत्तर वरनं पडणार होतं. ती चहा घेऊन आली न् कपबशा दाणकन ठेवत म्हणाली,

"मला विचारा की. चालवते मी."

"वहिनी, हा इंजिनाचा विषय आहे," दीर म्हणाला. "तुम्ही चहात साखर बघा."

तिच्या टाळूवर त्या वेळी कुणी तवा ठेवला असता तर भाकरी फुगली असती. पण ती ट्रे उचलून आत गेली. बैठकीत ठरलं, की व्हॅन न् खोललेलं इंजिन, दोन्ही भंगारवाल्याला द्यायचं. माणसं पांगली तशी ती अंगणात आली. पोत्यावरचा क्रँक उचलला, रॉकेलनं पुसला, दुपट्यात गुंडाळला न् माजघरातल्या पाळण्यात नेऊन निजवला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. सगळं उलटसुलट करून म्हणाला, "क्रँक कुठाय? इंजिन पुरं असेल तरच नेईन."

दिरानं सगळं घर पालथं घातलं. कणग्या उपसल्या, कडबा उचकटला, विहिरीत गळ सोडला, मिस्त्रीला चोर ठरवला. माजघरात आला तर ती पाळणा हलवत बसलेली.

"हळू बोला भाऊजी, आत्ता कुठं डोळा लागलाय."

पाळण्याचा दोर करकरत होता. दीर दबक्या आवाजात म्हणाला, "बाळसं चांगलं धरलंय हो," न् चवड्यांवर बाहेर गेला. अन् ते बाळ? ते पाळण्यातनं कधीच उतरलं होतं. त्या घडीला काकाच्याच पँटला धरून त्याच्यामागं सगळं घर फिरत होतं. पण त्या घरातल्या पुरुषांना पाळण्यात डोकवायची सवयच नव्हती.

भंगारवाला शिव्या देत निघून गेला. इकडं वस्त्यांवर दूध नासलं. बायका कॅन घेऊन आल्या न् दिराच्या बाजेभोवती मांडून म्हणाल्या, आता तुम्हीच न्या, डोक्यावरनं. आंबट वासानं सात गावची मांजरं जमली. मग मात्र तिनं तोंड उघडलं.

"थंडीत ही गाडी ढकलताना माझे खांदे सोलले. ही कुठल्या चढावर खोकते, कुठल्या उतारावर दम खाते, ते मला माहीत. तुम्हाला हिचा रिव्हर्स कुठं पडतो ते तरी ठाऊक आहे का, भाऊजी? बांधायचं का मोडायचं, ते जिचे हात काळे झालेत ती ठरवेल. बांधायचं."

दीर मांजरं हाकत पुटपुटला, "बांधा, पण क्रँक तर पाहिजे."

तिनं पाळण्यातलं गाठोडं बाहेर आणलं न् दुपटं बाजूला केलं. नवरा आयुष्यात पहिल्यांदा आभाळाऐवजी बायकोकडं बघत राहिला. न् दिरानं सगळ्यांदेखत हात जोडले, "वहिनी, चुकलं माझं."

इंजिन बांधलं. पहिल्याच चावीला सुरू झालं, धुराचं नाव नाही. कोंबड्या बिचाऱ्या रात्र कधी व्हायची म्हणून वाट बघत अंगणातच उभ्या राहिल्या.

आता ही दाढ हलायला लागली, म्हणून सांगून टाकते. कोंबड्या खऱ्या, मांजरं खरी, पाळण्यातला क्रँकही खरा. ते "चुकलं माझं" तेवढं माझ्या पदरचं. त्यानं कसले हात जोडले? आजही डेअरीवर मिशीला पीळ देऊन सांगतो, इंजिन बांधायचं मीच ठरवलं म्हणून.