पैलवानाची लोकर

तुम्ही काही विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या कुत्र्याच्या अंगावर एकदा एवढी लोकर आली, की दोन घोंगडी विणून वर कानटोपीपुरती उरली. नका ठेवू विश्वास. माझ्या पोरानं तर तो कधीच सोडलाय. सणावाराला फोन करतो आणि मी 'बरा हाय' म्हणायच्या आत ठेवतो.

कुत्र्याचं नाव पैलवान. लांब सोनेरी केसांचा. नात संयोगिता पुण्याला शिकायला गेली, तेव्हा त्याची नसबंदी करून माझ्याकडं सोडून गेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता केस लोकरीसारखे दाट होतील, गुंता होईल; रोज विंचरा, पण मशीन लावू नका, परत धड येत नाहीत. संयोगितानं ब्रश हातात दिला. "आबा, हयगय केली तर मी त्याला घेऊन जाईन." मला सांगते! माझा जन्म म्हशींत गेला.

ती परवा न सांगता आली, ती थेट दूधकट्ट्यावरच, जिथं म्हशी समोर पिळून ताजं दूध प्यायला देतात. मी दुधाचा पेला घेऊन बसलेलो, पैलवान पायाशी. पाठीवर उघडी राखाडी कातडी, मधूनच कापसासारखे झुपके. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गळ्यात साखळी अडकवली.

"ब्रश कुठाय, आबा?"

"झिजला."

"चल रे पैलवान."

तो गेला की त्या घरात मी बोलायचं कुणाशी? भिंतीशी? मग मी सुरू केलं.

"अगं, ऐक तरी! विंचरून विंचरून ब्रशाचे दात गेले, मग गवताचं दाताळं घेतलं. तरी लोकर आवरंना. त्यात कोडोलीकडनं मेंढरं आली. ह्यो गेला त्यांच्यात खेळायला. त्यांची चाललेली कातरणी. एवढ्या मेंढरांत ह्यो वळखायचा कसा? धरला, पाडला, कातरला!"

कट्ट्यावर हशा पिकला. शेजारी दूध पीत बसलेल्या हंबीररावानं दुधाची मिशी पुसत विचारलं, "आणि ह्यो भुंकला न्हाय व्हय?"

"भुंकला की! ते म्हणाले, मेंढरू पिसाळलंय, ह्याला आधी कातरा."

सगळे हसले, संयोगिता नाही. पण साखळीवरची तिची मूठ जरा सैल झाली. पैलवान वळून माझ्या पायाशी येऊन बसला.

"खरं सांगताय, आबा? तुम्ही मशीन लावलं नाही ना?"

"तुझ्या आजीची शपथ."

कट्ट्यावर म्हशींचे केस काढणारा जोतीराम इतका वेळ समोरच्या म्हशीचं अंग मशीननं भादरत होता. त्यानं मशीन बंद केलं.

"आबा, मेल्या माणसाची शपथ कशाला खाताय? विंचरायचा कंटाळा आला म्हणून पाडव्याला तुम्हीच त्याला इथं आणलासा की. म्हशीसंगं ह्यालाबी भादर, वरनं तेल लाव, म्हशीगत चकाकला पायजे म्हणालासा. बिचारं वराडत हुतं आन् पाय तुम्ही धरलंतासा. खोटं बोलू नगा, मशीन ह्येच हुतं."