टोलीपर्यंतची लाइन

"मॅडम, पोल उभे झाले, तार ओढून झाले, आता काऊन अडवून ठेवलं? टाका ना लाइन!"

खैरवाड्याचे सरपंच बंडूजी हे तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला. डीपीजवळ त्यांच्यामागे अर्धा गाव गोळा झाला होता. गावानं तरी किती धीर धरावा! परवा दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं, लिंबाएवढ्या गारा पडल्या, आणि मग ढगातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी खाली उतरलं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असलं कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं ती सोंड गावाच्या कडेकडेनं गरगरत गेली. शाळेचं छप्पर उडालं, ग्रामपंचायतीपुढची जुनी चिंच मुळासकट आडवी झाली, एकोणीस पोल मोडले. माणूस दगावला नाही, हेच नशीब. पण तेव्हापासून पाण्याची टाकी कोरडी, चक्की बंद आणि घरोघरचे मोबाइल मेलेले. त्यात उद्या चौदा एप्रिल. विहारापुढच्या मंडपाला पोरांनी निळ्या दिव्यांच्या माळा बांधून ठेवल्या होत्या, आणि त्या माळांखाली पोरं ताटकळत बसली होती.

ज्या बाईला सगळे मॅडम म्हणत होते ती जागृती, बत्तीस वर्षांची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, दोन दिवसांच्या चिखलानं माखलेले बूट. वीज कंपनीच्या कागदावर ती तंत्रज्ञ होती आणि गावाच्या तोंडी वायरमन मॅडम. वायरमनपुढे मॅडम जोडताना सुरुवातीला गावाला फार हसू यायचं. सहा वर्षांत ते जिरलं होतं.

"सरपंचसाहेब, टोलीकडची लाइन मी पाह्यली नाई अजून," ती म्हणाली. "ते पाहून येतो, मंग टाकतो."

"टोलीकडं काय पाहाचं? वावधन इकडून गेलं. तिकडं काई झालं नाई."

"कोन सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? दिसते ना!"

टोली म्हणजे नाल्यापलीकडची गोंडांची तीसेक घरं, गावापासून दोन किलोमीटर. कागदावर ती खैरवाड्यातच होती आणि मतदानाच्या दिवशी गावालाही तिची आठवण होत असे. पोल उभे करायला आलेल्या कंत्राटदाराच्या माणसांनीही नाल्यापर्यंत जाऊन पलीकडे नजर टाकली होती आणि ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात जागृतीचा फोन वाजला. कंत्राटदाराच्या जीपमध्ये लावून तिनं तो जिवंत ठेवला होता. पलीकडे वीज कंपनीचे साहेब होते. "जागृती, अजून अकरा गावं रांगेत आहेत. टोलीचं मला कळलंय, तिकडे काही नाही. परमिट परत करा आणि मोकळ्या व्हा."

"सर, एक तास द्या."

"एक तास कशाला? तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा."

विश्वास! दोन वर्षांपूर्वीही साहेब असंच म्हणाले होते. साधं वारं सुटलं होतं, दोन ठिकाणी फांद्या पडल्या होत्या, रात्रभर जागून तिचे डोळे मिटत होते. लाइन पूर्ण पाहिली का, असं फोनवर विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. नुसतं म्हणालीच नाही, वहीत तसं लिहून खाली सही केली. सकाळी गावातल्या नानाजींच्या वावरात तार पडलेली होती आणि तिच्यापाशी त्यांची बैलजोडी. चौकशीत नैसर्गिक आपत्ती असं ठरलं. जागृतीला कुणी बोल लावला नाही, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. त्या पोळ्याला गावात बैल सजून निघाले तेव्हा ती खोलीचं दार लावून बसली होती. त्या दिवसापासून तिनं स्वतःशी एक गोष्ट पक्की केली होती. तारेखालून स्वतःच्या पायांनी चालल्याशिवाय ती लाइन टाकणार नव्हती, मग समोर साहेब असोत की साहेबांचे साहेब.

लाइनवर काम करायचं तर सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागतं, आणि ते ज्याच्या नावावर असतं त्यानं परत केल्याशिवाय लाइन चालू करता येत नाही. या घटकेला ते जागृतीच्या नावावर होतं. म्हणजे साऱ्या गावाचा उजेड तिच्या एका शब्दावर अडलेला.

"सर, परमिट माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "लाइन पाहिली की देते." आणि तिनं फोन खाली घेतला.

गर्दी भडकली. कोण म्हणालं मुजोर आहे, कोण म्हणालं तक्रार करा. बंडूजींना एकदम काहीतरी सुचलं. त्यांनी मागे वळून विहार समितीच्या नानाजींना पुढे ओढलं. "नानाजी, तुमीच सांगा तुमच्या समाजाच्या पोरीले. उद्याचा दिवस तुमचा. तुमचं आयकन ते."

नानाजी काठीवर भार देऊन उभे राहिले. पोरं त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. मंडप त्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला होता, माळासुद्धा त्यांनीच हिंगणघाटहून आणवल्या होत्या. जागृतीला त्यांच्याकडे पाहवेना.

"त्या वक्ती कोनी चालत गेलं असतं," नानाजी सावकाश म्हणाले, "तं माये बैल दावनीले असते. जाऊ द्या तिले. जयंती अंधारातई होते, बाबासाहेबानं काई लाइटीवर अभ्यास नाई केला."

एवढं बोलून ते मंडपाकडे चालू लागले. त्यांना त्या सहीचं ठाऊक होतं की नव्हतं, हे जागृतीला आजवर कळलं नव्हतं, आणि आताही कळलं नाही. पण पायात बळ आलं. ती निघाली.

साडेचार वाजले होते. नाल्यापर्यंतची लाइन खरंच धड होती. एकेका पोलखाली थांबून, मान वर करून, तार पेलणारी चिनीमातीची चिमणी मोडली आहे का, बांधणी सुटली आहे का, असं पाहत ती पुढे सरकत होती. नाल्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं. ते ओलांडून ती पलीकडच्या चढावर आली, आणि तिथंच थबकली.

इथून एरवी पळसाच्या झाडीमुळे पुढचं काहीच दिसत नसे. आता थेट गिरडच्या टेकडीपर्यंत सगळं उघडं होतं. पळस मुरगळून पडले होते. एक रुंद पट्टा जमिनीवरून कुणी खरवडून काढल्यासारखा सरळ टोलीकडे गेला होता. वादळाला एकच सोंड नव्हती. दुसरी इकडून गेली होती, आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता, कारण पत्ता देणारे फोन बंद होते आणि पत्ता घेणारं कुणी नाला ओलांडून आलं नव्हतं.

ती धावतच सुटली. तेविसावा पोल पडला नव्हता, कलला होता. त्याला जमिनीशी बांधून धरणारा तारेचा ताण तुटला होता, त्यामुळे पोलांमधल्या पुढच्या दोन गाळ्यांतल्या तिन्ही तारा सैल पडून माणसाच्या छातीपर्यंत खाली आल्या होत्या. आणि त्या तारांवर वाकळा वाळत होत्या. पंधरा-वीस तरी. लाल काठाच्या, लुगड्यांच्या, ठिगळांच्या. मधे पोरांचे शर्ट, एक शाळेचं दप्तर. एक म्हातारी दोन्ही हातांनी तार धरून, तिला खाली दाबून, एक वाकळ नीट पसरत होती.

लाइन मेलेली होती हे जागृतीला पक्कं ठाऊक होतं. पण तासाभरापूर्वी ती फक्त 'ओके सर' म्हणाली असती तर? ती मटकन मातीत बसली आणि तिला हुंदका आला.

"का झालं, बाई? पाय मुरगळला का?" म्हातारीच तिच्याकडे आली. तिचं नाव सुंदरा.

"मावशी, तारेले काऊन हात लावला? ते लाइटीची तार आहे!"

"लाइट कुठं आहे, माय? दोन दिवस झाले, बंदच आहे. आमी म्हटलं, मेली तार." सुंदरानं हात पसरून सगळीकडे दाखवलं. "वल्ल्या वाकया कुठं टाकाव मंग? झाडं राह्यले नाई, कुंपन राह्यलं नाई. खाली समदा चिखल. लेकरं दोन राती वल्ल्यात निजले."

टोलीत अकरा घरांवर टिनं नव्हती. वेचून वाळवलेली मोहफुलं पाण्यात फुगून सडली होती. एका माणसाचा हात मोडला होता, त्याला खाटेवर घालून कालच गिरडला नेलं होतं, असं सुंदरानं सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता.

जागृतीनं डोळे पुसले. आधी तिनं पिशवीतली साखळी काढून तिन्ही तारांना टाकली आणि जमिनीत रोवली, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. मग सबस्टेशनला फोन लावला. तिथं मधुकरराव ड्यूटीवर होते.

"मधुकरराव, परमिट माझ्याजवळच आहे. कोनी काईबी म्हनो, माझा आवाज आयकल्याशिवाय हात लावजो नका."

"काय झालं, बाई?"

"तारेवर वाकया आहे, भाऊ. मानसं आहे."

मधुकरराव म्हणाले, "मी खुर्चीवरून उठत नाई."

मागून मोटारसायकल आली. नाल्याच्या पाण्यातून रेटत, पांढऱ्या कपड्यांवर चिखल उडवून घेत बंडूजी आले होते, आणि रागानं नुसते फणफणत होते. "मॅडम, मी कलेक्टरले..." एवढंच ते म्हणाले. समोरच्या वाकळा त्यांना दिसल्या. मग त्यांच्यामागची उघडी घरं दिसली. बंडूजी गाडी स्टँडवर लावायचीही विसरले, ती तशीच चिखलात आडवी झाली.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक करता येइन. टोलीचा तुकडा तोडून टाका. गावाले लाइट देऊ. हे उद्या-परवा करू."

सल्ला नियमाला धरून होता आणि साहेबांनीही हेच सांगितलं असतं. पण जागृतीला उद्या-परवा म्हणजे काय ते माहीत होतं. "उद्या मी दुसऱ्या गावात असन, सरपंचसाहेब. अकरा गावं रांगेत आहे. टोली एकदा तुटली, का मंग पावसाळा लागल्यावरच आठवन. दोर आहे का कोनाकडं? हा पोल आजच उभा होते."

सुंदरानं आपल्या भाषेत हाळी दिली. घराघरांतून माणसं आली, बायाही आल्या. बैलगाडीचे नाडे, विहिरीचा दोर, जे असेल ते आणलं. वाकळा उतरवून बायांनी खांद्यावर घेतल्या. जागृतीनं पोलच्या टाळक्याशी दोर बांधला, खाली उतरून बुडाशी पहारीनं खड्डा मोकळा करवला, आणि दोन बाजूंनी माणसं उभी केली. "मी म्हनीन तवाच ओढा. झटका नाई द्यायचा." एका बाजूला दोघं कमी पडत होते. बंडूजींनी बाह्या वर केल्या आणि दोर धरला.

पोल कुरकुरत सरळ झाला. बुडाशी दगड ठोकले, ताण नवा बांधला. मग जागृती पुन्हा वर चढली. खांद्यातून कळा येत होत्या, हात सुजले होते, पण आता काही केल्या ती थांबणार नव्हती. एकेक तार ओढून, घट्ट करून, बांधून ती खाली आली तेव्हा सूर्य टेकडीकडे कलला होता. पुढचे चार पोल आणि टोलीची छोटी डीपी ती चालत पाहून आली, आणि परत येऊन तिनं साखळी काढली.

"समदे इकडं या. माझ्या डोयापुढं उभे राहा. लेकरं बी." तिनं माणसं मोजली. सुंदराला विचारून पुन्हा मोजली. कोण शेळ्यांमागे गेलंय, कोण नाल्यावर आहे, त्यांना हाका मारून आणवलं. मग फोन लावला. "मधुकरराव, जागृती बोलून राह्यली. खैरवाडा लाइन, टोलीपर्यंत, मी चालून पाह्यली. मानसं बाजूले आहे. परमिट परत."

टोलीच्या डीपीतून बारीक गुणगुण सुरू झाली. छप्पर नसलेल्या एका घरात, भिंतीवर, बल्ब पेटला. लांबून, नाल्यापलीकडून, गावातला जल्लोष आणि विहारावरचा भोंगा ऐकू आला.

टोलीत कुणी ओरडलं नाही. सगळ्यांचे हात गुंतले होते. वाकळा अर्ध्याच वाळल्या होत्या, खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती, आणि ऊन अजून अर्धा तास होतं. म्हणून दोघादोघांनी एकेक वाकळ टोकांना धरून उन्हात ताणली होती. जिकडे पाहावं तिकडे माणसं तशी उभी होती. एका वाकळेचं टोक बंडूजींच्या हातात होतं, खिशात वाजणारा फोन काढायला त्यांनी हात सैल केला.

"सोडू नका, सरपंच," दुसऱ्या टोकाकडून सुंदरा म्हणाली. "मधात वल्लीच आहे अजून."

बंडूजींनी फोन वाजू दिला आणि वाकळ पुन्हा घट्ट धरली. जागृतीनं हेल्मेट काढून पोलपाशी ठेवलं. एका पोराच्या हातात एकट्यानं न पेलणारी मोठी वाकळ होती. तिची दोन टोकं तिनं आपल्या हातात घेतली, आणि मावळत्या उन्हाकडे तोंड करून ती उभी राहिली.